सहावा रोबो आला की फॉर्मेशन नाचतं : दुखणं कुठे आहे आणि ते कसं काढायचं

एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर राहून आकृती, म्हणजे फॉर्मेशन, धरणारे छोटे रोबो बनवायला घेतले की हे हमखास घडतं. तीन रोबो व्यवस्थित त्रिकोण धरतात. चौथा आला तरी निभावतं. पाचव्याला सगळ्यांच्या अंगात थरथर येते आणि सहावा जोडला की अख्खी पलटण पुढे-मागे नाचू लागते. मग कोणीतरी गेन, म्हणजे जागा चुकली की रोबोने किती जोरात सावरायचं तो आकडा, कमी करतं. नाच थांबतो, पण रोबो जागेवर यायला इतका वेळ लावतात की परीक्षकांसमोर दाखवायची सोय राहत नाही. गेन वाढवला की पुन्हा नाच. सोलापुरातली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं दर हंगामात ही तक्रार घेऊन येतात आणि शब्दही जवळपास तेच असतात : "सर, कोड तोच आहे, फक्त रोबो वाढवला."

कोड तोच आहे, हेच खरं दुखणं आहे. रोबोंची संख्या वाढली की तोच कोड गुपचूप जास्त आक्रमक होतो. त्याच वेळी वायफायवर नवा रोबो आल्यामुळे सगळ्यांपर्यंत पोचणारी माहिती जास्त शिळी होते. दोन्ही गोष्टी एकदम घडतात, म्हणून एक दुरुस्त केली तरी दुसरी डोकं वर काढते आणि दुखणं परत आल्यासारखं वाटतं.

मांडणी अशी धरून चाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग काढून रिकामी झालेली एक पत्र्याची शेड आम्ही वापरतो. छताच्या कैचीला एक वेबकॅम खाली तोंड करून बांधलाय. प्रत्येक रोबोच्या डोक्यावर अरुको मार्कर (कॅमेऱ्याला ओळखू येणारी काळी-पांढरी चौकोनी खूण) चिकटवलेला. टेबलावरचा पीसी कॅमेऱ्यातून सगळ्यांच्या जागा काढतो आणि राउटरमार्फत, यूडीपी ब्रॉडकास्टने, म्हणजे पोच न मागता, सर्वांना एकदम कळवतो. रोबोवर ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड आणि दोन गिअर मोटर. पुढचं गणित प्रत्येक रोबो स्वतः करतो : माझी जागा, शेजाऱ्यांच्या जागा, कोणापासून किती अंतरावर असायला हवं; त्यातल्या फरकाला गेनने गुणलं की माझा वेग. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या रोबोटेरियम या प्रयोगशाळेतही रोबोंच्या जागा वरून पाहूनच काढतात, तेव्हा ही मांडणी स्वस्त असली तरी कच्ची नाही.

हात लावायच्या आधी स्टॉपवॉच

नाच सुरू झाला की मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि एका रोबोचा एक पूर्ण झोका, म्हणजे पुढे जाऊन मागे येऊन पुन्हा पुढे निघेपर्यंतचा वेळ मोजा. दहा झोक्यांचा वेळ मोजून दहाने भागलं तर जास्त बरं. आलेल्या उत्तराला चारने भागा. तुमच्या यंत्रणेत एकूण उशीर किती आहे, त्याचा हा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज.

हा चारचा आकडा हवेतून आलेला नाही. गच्चीवरची टाकी भरताना वर एक माणूस आणि खाली मोटरच्या बटणापाशी दुसरा उभा असतो. "भरली!" ही हाक खाली पोचायला उशीर झाला की पाणी वाहून जातं, आणि "संपलं!" उशिरा पोचलं की टाकी कोरडी पडते. दोन्ही माणसं आपापलं काम चोख करत असतात, चुकतो तो फक्त वेळ. वेगाची आज्ञा देणाऱ्या साध्या नियंत्रणात यंत्रणा नाचण्याच्या काठावर असते तेव्हा एका झोक्याचा काळ बरोबर उशिराच्या चौपट भरतो. झोका १.२ सेकंदांचा असेल तर उशीर ०.३ सेकंद. झोका एक सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल तर मोटर, चाकं, पीआयडी (चाकाचा वेग सांभाळणारं गणित) यांना अजिबात हात लावू नका. मुलं इथेच पैसे घालवतात; महागड्या एन्कोडरच्या (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) मोटर आणतात आणि नाच तसाच राहतो. झोका अगदी छोटा, सेकंदाच्या एक-दोन दशांशाचा असेल तर मात्र चाकाच्या नियंत्रणातच गोम आहे आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

सहाव्यालाच का?

रेझा ओल्फाती-सेबर आणि रिचर्ड मरे या संशोधकांनी २००४ मध्ये एक निकाल सिद्ध केला. आजही या कामात त्याच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. सगळ्या रोबोंना सारखाच उशीर असेल, तर गेन, उशीर आणि जोडणीच्या जाळ्याचा एक आकडा या तिघांचा गुणाकार पायच्या निम्म्याहून, म्हणजे १.५७ हून कमी असला पाहिजे. त्याच्या वर गेलात की फॉर्मेशन स्थिर राहत नाही. जाळ्याचा आकडा म्हणजे कोण कोणाचं ऐकतं त्यावरून बनणाऱ्या लाप्लासियन मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची, सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू (त्या तक्त्यातून गणिताने निघणारा एक ठरावीक आकडा). प्रत्येक जण प्रत्येकाचं ऐकत असेल तर हा आकडा रोबोंच्या संख्येइतकाच येतो.

आता गेन १ आणि उशीर ०.३ सेकंद धरा. तीन रोबो : गुणाकार ०.९, चालून जातं. चार : १.२, डुलतात पण सावरतात. पाच : १.५, अगदी काठावर, म्हणून ती थरथर. सहा : १.८, संपलं. पोरं जे सांगतात ते जसंच्या तसं या आकड्यांत उतरतं. आठ रोबोंना तर ०.२ सेकंदांचा उशीरही झेपत नाही.

कारण कोडमध्ये शोधा. बहुतेकांच्या प्रोग्रॅममध्ये एक लूप असतं, त्यात प्रत्येक शेजाऱ्याशी असलेला फरक बेरजेत टाकत जातात आणि शेवटी गेनने गुणतात. दोन शेजारी असताना ही बेरीज लहान असते, सात शेजारी आले की साडेतीनपट होते. गेन लिहिलाय १, पण काम करतोय कितीतरी मोठा.

तेव्हा पहिली दुरुस्ती एका ओळीची : बेरीज नको, सरासरी घ्या. लूप संपल्यावर शेजाऱ्यांच्या संख्येने भागा. एवढं केलं की जाळ्याचा आकडा, जाळं कसंही असो आणि रोबो कितीही असोत, २ च्या वर जात नाही. अट एवढीच की ऐकणं दोन्ही बाजूंनी हवं. मी तुझं ऐकत असेन तर तूही माझं. मग हिशेब सोपा होतो. गेन गुणिले उशीर ०.७८ च्या खाली असेल तर फॉर्मेशन मोडत नाही. पण ही झाली मोडण्याची सीमा, तिथे राहायला जाऊ नका. नाच तर नाहीच, जरासुद्धा डुलणं नको असेल तर गुणाकार ०.१८ च्या आसपास ठेवा. ०.३ सेकंद उशिराला गेन ०.६. उशीर ०.०८ वर आणलात तर गेन सव्वादोनपर्यंत नेता येतो आणि रोबो झपकन जागेवर येतात.

म्हणजे सरासरीने रोग आटोक्यात येतो, आणि वेग हवा असेल तर उशीरच कमी करावा लागतो. खरी मेहनत त्यात आहे.

उशीर कुठे लपतो

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोबोच्या मार्करशेजारी एक एलईडी लावा. पीसीवरून "लाव" म्हणून आज्ञा सोडा, ती वेळ नोंदवा आणि कॅमेऱ्याच्या चित्रात एलईडी पेटलेला दिसला ती वेळही नोंदवा. दोन्ही वेळा एकाच पीसीच्या घड्याळावरच्या, त्यामुळे घड्याळं जुळवायची कटकट नाही. हा आकडा म्हणजे वायफाय, बोर्ड आणि कॅमेरा या तिघांचा मिळून उशीर. मग तीच चाचणी एलईडीऐवजी चाक फिरवून करा. चाक हलायला एलईडीपेक्षा जो जास्त वेळ लागला तो मोटरचा. ही चाचणी पंचवीस-तीस वेळा आपोआप चालवा आणि सरासरीपेक्षा सर्वांत वाईट आकड्याकडे बघा. नाच सुरू करायला तो वाईट आकडाच पुरतो.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. तीस फ्रेमचा वेबकॅम म्हणजे ३३ मिलिसेकंद एका फ्रेमला, तेवढं सोडून द्यायचं. पण ओपनसीव्ही या चित्र वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॅमेरा वाचताना मध्ये एक बफर, म्हणजे फ्रेमची रांग, असतो. मार्कर ओळखायला फ्रेमच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बफरमध्ये जुन्या फ्रेम साठतात आणि तुम्ही कायम तीन-चार फ्रेम मागचं जग बघत राहता. कॅमेरा वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) ठेवा, तो सतत वाचत राहील आणि फक्त सर्वांत ताजी फ्रेम पुढे देईल. बफरची लांबी १ करण्याची सोय सगळ्या कॅमेऱ्यांवर चालतेच असं नाही, थ्रेड मात्र चालतोच.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या शेडमध्ये मागांची निगा राखणाऱ्या जॉबरमामांच्या नजरेला आली. ते माग बंद झाल्यावर संध्याकाळी चहा घेऊन आमच्याकडे येऊन बसतात. "ओ सर, उन्हं गेली की तुमच्या गाड्या बावचळत्यात बघा. सकाळी बऱ्या असत्यात." निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. वेबकॅमचं ऑटो एक्स्पोजर चालू असलं की उजेड कमी होताच कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उघडा राहतो आणि तीसचे पंधरा फ्रेम होतात, कधी त्याहूनही कमी. चित्र उजळ दिसतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. उशीर मात्र दुपटीने वाढलेला असतो, शिवाय हलत्या रोबोचा मार्कर पुसट होऊन मध्येमध्ये ओळखूच येत नाही. ऑटो एक्स्पोजर बंद करून हाताने सेट करा आणि खाली एलईडी बॅटनचा भरपूर उजेड ठेवा. सकाळी नीट आणि संध्याकाळी नाच, असं लक्षण असेल तर बाकी काही तपासण्याआधी हे तपासा.

सगळ्यांना बुडवणारा एक रोबो

आता वायफाय. दुखणं पुन्हा पुन्हा येण्याचं मुख्य कारण इथे आहे.

ईएसपी३२ राउटरला जोडला की त्याची पॉवर सेव्ह मुळातच चालू असते. रेडिओ झोपतो आणि ठरावीक वेळाने जागा होऊन राउटरचा बीकन, म्हणजे तो नियमित सोडतो ती हाक, ऐकतो. बीकन साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. ब्रॉडकास्टचा नियम आणखी कडक आहे. राउटरला जोडलेल्यांपैकी एक जरी उपकरण झोपेच्या मोडमध्ये असेल, तरी राउटर सगळ्यांसाठीचे ब्रॉडकास्ट पॅकेट अडवून ठेवतो आणि डीटीआयएम नावाच्या खास बीकननंतरच एकगठ्ठा सोडतो. डीटीआयएम १ असेल तर दर १०२ मिलिसेकंदांनी, ३ असेल तर दर ३०७ मिलिसेकंदांनी.

पुन्हा वाचा : एक जरी उपकरण. म्हणजे तुमच्या पाच रोबोंवर पॉवर सेव्ह बंद आहे, सगळं सुरळीत चाललंय, आणि सहाव्या बोर्डवर कोणीतरी जुना प्रोग्रॅम टाकून आणला. तो एक बोर्ड राउटरला जोडला गेला की बाकी पाचांची माहितीही अडकते. सहाव्याला बाजूला ठेवला की सगळं नीट, म्हणून सगळे सहाव्याच्या मोटर तपासत बसतात. त्याहून वाईट म्हणजे मोबाईल. शेडमधल्या कोणीतरी इंटरनेट असेल म्हणून त्याच राउटरला फोन जोडलेला असतो. फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली, फोनचं वायफाय झोपलं आणि इकडे फॉर्मेशन डुलायला लागलं. दुखणं कधी येतं आणि कधी जातं याचा पत्ता लागत नाही त्याचं कारण बरेचदा कोणाच्या तरी खिशात असतं.

खात्री करणं सोपं आहे. रोबोवर प्रत्येक पॅकेट आल्याची मिलिसेकंदातली वेळ छापा. पीसी दर ३३ मिलिसेकंदांना पाठवत असेल तर रोबोवरही साधारण तसंच अंतर दिसायला हवं. त्याऐवजी तीन-तीन पॅकेट एकदम आणि मग शंभर मिलिसेकंद शांतता, किंवा नऊ पॅकेट एकदम आणि मग तीनशेची शांतता असं दिसलं, तर निदान झालं.

उपाय क्रमाने करा. प्रत्येक बोर्डवर वायफाय जोडल्याबरोबर पॉवर सेव्ह बंद करा. प्रोग्रॅम अर्डुइनोत लिहीत असाल तर सेट-स्लीपला फॉल्स द्यायचं, ईएसपी-आयडीएफमध्ये लिहीत असाल तर पॉवर सेव्ह मोड नन करायचा. ही ओळ सगळ्या रोबोंच्या सामायिक फाइलमध्ये ठेवा, म्हणजे नवा बोर्ड तिच्याशिवाय येणारच नाही. राउटर फक्त रोबोंसाठी ठेवा, पासवर्ड बदला आणि तो भिंतीवर लिहू नका. राउटरमध्ये डीटीआयएम बदलायची सोय असेल तर १ करा. रोबोच्या कोडमध्ये दर फेरीला एकच पॅकेट वाचत असाल तर तेही बदला. रांग रिकामी होईपर्यंत वाचा आणि शेवटचं तेवढं ठेवा, नाहीतर गठ्ठा आला की रोबो जुनी पॅकेट एकेक करून चघळत बसतो.

हे सगळं करूनही समाधान नसेल तर राउटर काढूनच टाका आणि ईएसपी-नाऊ, म्हणजे ईएसपी बोर्डांची आपापसात थेट बोलायची सोय, वापरा. एक ईएसपी३२ यूएसबीने पीसीला लावायचा, तो सगळ्यांना थेट पाठवेल, मध्ये अडवणारा कोणी नाही. एका संदेशात २५० बाइट तरी मावतात. आठ रोबोंची जागा, दिशा आणि क्रमांक प्रत्येकी आठ बाइटमध्ये बसवला तर ६४ बाइट होतात, म्हणजे भरपूर जागा उरते. ब्रॉडकास्टला पोच मिळत नाही हे खरं, पण इथे पोच नकोच आहे. हुकलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्यापेक्षा ३३ मिलिसेकंदांनी येणारं नवं पॅकेट केव्हाही चांगलं. माझं मत विचाराल तर दहाच्या आतल्या रोबोंसाठी थेट ईएसपी-नाऊनेच सुरुवात करावी.

बोर्डवरच्या कोडमधल्या डिलेच्या (प्रोग्रॅम थांबवून ठेवणाऱ्या) ओळी काढा, हे सांगायलाच हवं का? सांगतो, कारण अजूनही सापडतात.

माझी माहिती ताजी, तुझी शिळी

काही जण वर सांगितलेली कसरत टाळायला एक युक्ती करतात. स्वतःची जागा चाकाच्या एन्कोडरवरून ताजी घेतात आणि शेजाऱ्यांची तेवढी वायफायवरून. यात एक खरा फायदा आहे. उशीर फक्त शेजाऱ्याच्या माहितीत असेल तर उभं फॉर्मेशन नाचत नाही. पण चालायला लागलं की नवीन लक्षण दिसतं : पलटण ठरलेल्या वेगापेक्षा हळू चालते, जणू कोणी मागून ओढतंय. ०.३ मीटर प्रति सेकंद वेग आणि ०.३ सेकंद उशीर असेल तर प्रत्येकाला वाटतं की बाकीचे सगळे नऊ सेंटीमीटर मागे आहेत, आणि प्रत्येक जण थांबून वाट बघतो. सगळेच थांबून वाट बघतात.

याला औषध : पॅकेटमध्ये जागेबरोबर वेग आणि वेळेचा शिक्का पाठवा आणि मिळाल्यावर जागा पुढे सरकवून घ्या, वेग गुणिले माहितीचं वय. त्यासाठी घड्याळं जुळलेली हवीत. बोर्डचं घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखात वीस भाग धरली तरी तासाला ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो, दोन बोर्ड उलट दिशांना चुकत असतील तर दुप्पट. सुरुवातीला एकदाच घड्याळ जुळवून दिवसभर चालवलं की दुपारनंतर फॉर्मेशन बिघडतं ते यामुळे. दर काही सेकंदांनी पीसीची वेळ पाठवत राहा. अर्ध्या सेकंदाहून जुनी माहिती सरळ टाकून द्या आणि तो शेजारी तात्पुरता सरासरीतून वगळा.

"मग ते हजार कसे उडवतात?"

हा प्रश्न हमखास येतो. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत बीटिंग रिट्रीटला आयआयटी दिल्लीतून निघालेल्या बॉटलॅब डायनॅमिक्सने हजार ड्रोन उडवले. ते पाहून मुलांना वाटतं की आपले आठ जमत नाहीत म्हणजे आपल्यातच खोट आहे. तसं नाही. रोषणाईच्या अशा खेळात सहसा प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधीच आखलेला असतो आणि तो उपग्रहावरून मिळणारी जागा आणि वेळ पाहून स्वतःचा मार्ग चालतो. शेजाऱ्याकडे बघून वेग ठरवायचा नसतो, त्यामुळे आपला हा आजार त्यांना होत नाही. काम अवघड आहेच, फक्त वेगळं आहे.

आपल्या जातीचं उदाहरण हवं असेल तर हार्वर्डचे किलोबॉट बघा. २०१४ मध्ये राधिका नागपाल यांच्या गटाने १०२४ चिमुकल्या रोबोंकडून आकृत्या बनवून घेतल्या. प्रत्येकाला जेमतेम काही सेंटीमीटरवरचे शेजारी कळत होते, आणि एक आकृती पुरी व्हायला बारा तासांच्या घरात वेळ लागला. हळू आणि जवळच्यांपुरतं, म्हणून ते टिकलं. २००८ मध्ये रोममधल्या साळुंकी वर्गातल्या पक्ष्यांच्या थव्यांचं मोजमाप प्रसिद्ध झालं, त्यातही असंच दिसलं की प्रत्येक पक्षी सगळ्या थव्याकडे न बघता जवळच्या सहा-सात जणांकडेच लक्ष देतो. हिवाळ्यात ज्वारीच्या रानावर आणि उजनीच्या काठावर उतरणाऱ्या आपल्या भोरड्या त्याच कुळातल्या. एकदा संध्याकाळी त्यांचा थवा वळताना जरूर बघा. हा विषय ज्यांना कोरडा वाटतो त्यांनी तर नक्कीच.

नाच थांबला, पण आता सगळं फॉर्मेशनच फिरतंय

हा वेगळा आजार आहे. जे कॅमेरा काढून रोबोंवरच अंतर मोजायची सोय करतात, त्यांच्याकडे तो येतो. आकार शाबूत असतो, कोणी थरथरत नाही, पण सगळी आकृती हळूहळू एका मोठ्या वर्तुळात सरकत राहते. कोणी आज्ञा दिलेली नसते.

मॉर्स आणि अँडरसन या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये याचं कारण मांडलं. दोन रोबो आपापसातलं एकच अंतर राखायची जबाबदारी दोघंही घेत असतील आणि त्यांच्या मोजमापात किंवा ठरलेल्या अंतरात थोडासाही फरक असेल, तर आकृती थांबत नाही. एकाला वाटतं आपण जवळ आहोत, दुसऱ्याला वाटतं लांब. एक मागे सरतो, दुसरा मागोमाग जातो. तीन किंवा जास्त रोबोंच्या ताठ आकृतीत (अंतरं पक्की ठेवली की जिचा आकार वाकत नाही अशा) या रस्सीखेचीतून फिरणं जन्माला येतं.

सोलापुरात हा फरक कुठून येतो? उन्हातून. अल्ट्रासॉनिकने अंतर मोजताना आवाजाचा वेग बहुतेक कोडमध्ये ३४३ मीटर प्रति सेकंद असा ठोकून दिलेला असतो, तो २० अंशांचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ४२ अंशांना तो ३५७ च्या जवळ जातो. दोन मीटरचं अंतर १.९२ मीटर मोजलं जातं. सगळ्या रोबोंचा कोड सारखाच चुकीचा असेल तर फारसं बिघडत नाही, आकृती चार टक्के मोठी होते इतकंच. पण एका रोबोवर कोणी हौसेने तापमान सेन्सर लावून दुरुस्ती केली आणि बाकीच्यांवर नाही केली, की फिरणं सुरू. चांगली सुधारणा अर्धवट केली म्हणून आजार. करायची तर सगळ्यांवर करा.

खरं औषध मात्र वेगळं आहे : प्रत्येक अंतराचा मालक एकच ठेवा. पहिला रोबो पुढारी. दुसरा पहिल्यापासूनचं अंतर राखेल, पहिला त्याची फिकीर करणार नाही. तिसरा पहिल्या दोघांपासूनची दोन अंतरं राखेल, आणि पुढचा प्रत्येक जण आधीच्या कोणत्याही दोघांपासूनची दोन. आठ रोबोंना अशी तेरा अंतरं लागतात. सपाट जमिनीवर आकृती ताठ राहायला कमीत कमी तेवढीच अंतरं हवीत हे १९७० पासून लामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयात आहेच, म्हणजे एकही अंतर वाया जात नाही. किंमत एकच, पुढाऱ्याची चूक मागे सगळ्यांपर्यंत जाते. तो रोबो निवडून घ्या, त्याची बॅटरी भरलेली ठेवा.

अंतरांवरूनच आकृती बनवत असाल तर कधीकधी ती आरशातल्यासारखी उलटी बनते. सगळी अंतरं बरोबर असतात, डावं-उजवं बदललेलं असतं. पहिल्या तीन रोबोंच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ चिन्हासकट (धन की ऋण) काढा. चिन्ह उलटं आलं तर तिसऱ्याला पहिल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या पलीकडे नेऊन सोडा.

आणखी एक बारीक गोष्ट, फक्त आपल्याकडच्या शेडसाठी. माग हलवले तरी सुताची तूस कोपऱ्याकोपऱ्यात राहते आणि ती रोबोच्या चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळली जाते. मग कमी वेगाची आज्ञा दिली की मोटर हलतच नाही आणि आज्ञा वाढली की एकदम उसळते. जागेवर आलेले रोबो मधूनच टुणकन हलत असतील तर चाक काढून दांडा चिमट्याने साफ करा. कोड बघायची गरज नाही.

बरं झालं की नाही, कसं ओळखायचं

सगळे रोबो फॉर्मेशनमध्ये उभे करा. मधल्या एकाला हाताने वीसेक सेंटीमीटर बाजूला ढकला आणि सोडा. तो जागेवर यावा, बाकीचे त्याच्याकडे थोडे झुकून परत यावेत आणि कोणीही दुसऱ्यांदा पलीकडे जाऊ नये. मग एक रोबो वाढवा आणि तेच करा. राउटर वापरत असाल तर मुद्दाम एक मोबाईल त्याला जोडून, स्क्रीन बंद करून, पुन्हा करा. शेवटी संध्याकाळचे दिवे लागल्यावर एकदा. या चारही वेळा झोका एकातच विरत असेल तर ०.१८ च्या हिशेबाने गेन ठरवा, तो आणि मोजलेला उशीर दोन्ही आकडे रोबोच्या पाठीवर पट्टीवर लिहून चिकटवा, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या हातात ते रोबो तसेच द्या.